आमच्या मशीनचा आकडा

"मशीनच्या आत जे आकडे आहेत ना, ते तुमचे नाहीत, डॉक्टरांचे आहेत. त्यांना हात लावायचा नाही," असं झोपेच्या दवाखान्यातल्या सिस्टर अकॉर्फांनी मला बजावलं होतं. नवऱ्याला नाही, मला. मशीन त्याचं, नाक त्याचं, घोरणं त्याचं, आणि तंबी मात्र मला! मी नुसती मान डोलावली, कारण कडेवरची आमची लेक जिजॉर तेव्हा मशीनची नळी चावत होती आणि एका वेळी एकीचंच ऐकणं मला जमतं. शिवाय मनात म्हटलं, आपण केप कोस्टच्या विद्यापीठात संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई. आकडा म्हणजे काय विंचू आहे?

माझ्या नवऱ्याचं नाव नुतिफाफा. आमच्या एवे भाषेत याचा अर्थ शांती. ज्या आत्याने हे नाव ठेवलं, तिने बाळाला जागेपणीच पाहिलं असणार. लग्नानंतर मी या शांतीच्या शेजारी झोपायला लागले आणि मला कळलं, की घोरणं हा आवाज नसून हवामान आहे. तो घोरायचा, मग एकदम गप्प व्हायचा. मी अंधारात डोळे उघडे ठेवून वाट बघायची. मग कुणीतरी पाण्यातून वर आल्यासारखा तो श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरू. घोरण्याने मला कधी त्रास झाला नाही. मधल्या त्या गप्प बसण्याने व्हायचा.

तरी दवाखाना गाठला तो घोरण्यामुळे नाही, सिग्नलमुळे. नुती बंदरात कंटेनरच्या कागदपत्रांचं काम बघतो आणि जाताना जिजॉरला पाळणाघरात सोडतो. एके सकाळी हार्बरच्या चौकात सिग्नल हिरवा झाला, पण आमची गाडी हललीच नाही. मागे ट्रोट्रोंचे, म्हणजे भाड्याच्या मिनीबसांचे, हॉर्न, शिव्या, सगळं यथासांग झालं. शेवटी डोक्यावर पाण्याच्या पिशव्यांचं घमेलं घेतलेल्या एका बाईने काचेवर थापा मारल्या. आत माझा नवरा स्टिअरिंगवर गाल टेकून झोपलेला, आणि मागच्या सीटवर माझी मुलगी हॉर्नच्या तालावर टाळ्या पिटत होती. त्याचा डोळा लागला तेव्हा सिग्नल लाल होता, गाडी उभी होती, म्हणून मी आज विनोदी लिहिते आहे. गाडी चालती असती तर, हे वाक्य मी अजून कधी पुरं केलेलं नाही.

म्हणून मशीन आलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवा जोराने घशात. म्हणजे घसा मिटत नाही आणि माणूस रात्रभर श्वास घेत राहतो. पहिल्याच रात्री नुती असा झोपला, की मी दोनदा त्याच्या छातीवर हात ठेवून बघितला.

आणि इथून माझ्या मनात वाईट गोष्टी यायला लागल्या.

त्याचं असं, की सकाळी हे मशीन पडद्यावर हसरा चेहरा दाखवतं. माणूस नीट झोपला म्हणून! नुती उठायचा, आळस द्यायचा, त्या चेहऱ्याकडे बघून स्वतः हसायचा आणि म्हणायचा, "बघ, आज पण हसला." मी रात्री जिजॉरसाठी उठलेली, तिला पाणी पाजलेलं, तिची चादर बदललेली, मच्छरदाणीत शिरलेला डास दोन्ही हातांनी मारलेला. मला बघून कुठला पडदा हसला? ज्याने काहीच केलं नाही, फक्त आडवा झाला, त्याचं रोज कौतुक. हेवा वाटणं वाईट, हे मला मान्य आहे. पण अशा वेळी ज्या बाईला हेवा वाटत नाही, तिलाच डॉक्टरला दाखवावं.

तरी हा हेवा घरातला होता, निभला असता. खरा घात केला शनिवारच्या वाचेच्या, म्हणजे भात-चवळीच्या, रांगेने.

आमच्या टेमात, या बंदराच्या शहरात, वस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. कम्युनिटी सात, कम्युनिटी अकरा. 'कुठे राहता?' याचं उत्तर आकड्यात द्यायची लहानपणापासून सवय. त्यामुळे आकडा ऐकला, की आपण त्याच्या वर की खाली, हे मनात आपोआप ठरतं. शनिवारी सकाळी सगळी कम्युनिटी वाचेवालीकडे उभी असते. भात-चवळीचा तो ढीग पानावर पडेपर्यंत कुणाचा मुलगा कुठे लागला, कुणाची लेक कुणी मागितली, सगळं वाटून होतं. माझ्यापुढे होत्या आंटी लॅम्प्टी. आमच्या भिंतीपलीकडे राहतात. त्यांचे यजमान बोटीवर चीफ इंजिनिअर, म्हणून अंगावरचं कापड नेहमी नवं, आणि मान कायम बंदराकडे.

"काय गं जिजॉरच्या आई, तुमच्याकडेही मशीन आलंय म्हणे झोपेचं?"

"हो आंटी."

"किती आहे?"

"किती म्हणजे? एकच आहे."

"मशीन नाही गं, हवेचं प्रेशर! आमच्या चीफसाहेबांचं चौदा आहे."

रांगेतून "चौदा!" असा आवाज उठला. मशीन काय, प्रेशर काय, कुणाला काही ठाऊक नव्हतं. पण चौदा सगळ्यांना कळत होतं. वाचेवालीचा डाव हवेतच थांबला.

"तुमचं किती?" आंटींनी मायेने विचारलं. अशी माया मला सोसत नाही.

"आठ," मी म्हटलं.

"आठ? असू दे, असू दे. सुरुवातीला असतं कमीच. तुझा नवरा अजून लहान आहे." आणि मग सहज, जसं काही मिरची जास्त घाल म्हणतात तसं, "चीफसाहेबांची तर दोन मशीनं. एक घरी, एक बोटीवर."

वाचेवालीने आंटींच्या पानावर एक अंडं जास्तीचं ठेवलं. मागितलेलं नसताना. माझ्या पानावर तिने माझंच अंडं शोधून शोधून बारकं ठेवलं, हे मी शपथेवर सांगेन.

घरी येईपर्यंत माझी भूक मेली होती. नुतीला म्हटलं, "तुझा आकडा आठच का?"

"डॉक्टरांनी लावला."

"पण आठच का? तू काय कमी घोरायचास? लॅम्प्टीसाहेबांचं चौदा आहे."

"ते चीफ इंजिनिअर आहेत," नुती म्हणाला. याला तो उत्तर समजतो. माझा नवरा असाच मागे राहतो. बंदरातही त्याच्यानंतर लागलेले लोक खिडकीजवळच्या टेबलांवर बसतात, आणि हा पंख्याखाली.

दुपारी तो जिजॉरला घेऊन समुद्राकडे गेला. मी मशीनसमोर बसले. डॉक्टरांचे आकडे कुलपात असतात, पण कुलूप म्हणजे दोन बटणं एकदम दाबून धरायची, एवढंच. मोबाइलवर कुठल्याशा देशातला एक टकल्या गृहस्थ ते हसत हसत दाखवत होता. दाबली. आतलं पान उघडलं. तिथे आठ होतं. मी नऊ केलं. काही झालं नाही. दहा केलं. घरही पडलं नाही. चौदावर आले आणि थांबले. सारखं-सारखं करण्यात काय अर्थ? रांगेत 'आमचंही चौदा' म्हटलं, की 'आमचं बघून केलं' म्हणणार. मी पंधरा केलं.

पंधरा दिसायला फार सुंदर दिसतं.

बाहेर पडताना मात्र बोट कुठेतरी भलतीकडे लागलं आणि सगळं पान एका वेगळ्याच भाषेत गेलं. अक्षरांच्या डोक्यावर टिंबं, पोटाखाली शेपट्या. मी परत जायला बघितलं, तर मशीनने मला त्या भाषेत काहीतरी विचारलं. मी 'हो'सारखं दिसलं ते दाबलं. मी कशाला हो म्हटलं, ते मला आजही माहीत नाही, पण आकड्यांचं पान त्यानंतर मला सापडलं नाही.

त्या रात्रीचं वर्णन करत नाही. मास्कच्या कडेने शिट्ट्या निघत होत्या आणि नुती झोपेत कुणालातरी 'मागे घ्या, मागे घ्या' म्हणत होता, एवढं पुरे. सकाळी पडदा हसला नाही. चेहऱ्याचं तोंड खाली वळलेलं होतं. नुतीचं पोट मात्र वर आलेलं, ढोलासारखं टणक.

"अगं, पोटात वारा गेलाय," तो म्हणाला.

"रात्री बांकू जास्त झालं," मी म्हटलं.

दिवस रविवारचा. चर्चमध्ये नुती गायकांत खर्जात गातो. प्रवचन संपलं, पास्टर म्हणाले, "आता आपण देवासमोर क्षणभर मौन धरू या," आणि मौन धरलं गेलं. त्या मौनात माझ्या नवऱ्याने जी ढेकर दिली, ती बंदरात ऐकून एखाद्या बोटीने उलटा भोंगा दिला असता. तीही एक नाही. पहिलीची दुसरी, दुसरीची तिसरी, अशा बहिणी-बहिणी निघाल्या. पुढच्या बाकावरची पोरं बाकाखाली गेली. आंटी लॅम्प्टी वळल्या, माझ्याकडे बघितलं आणि रुमाल तोंडाला लावला. तो रुमालही नवा होता.

बाहेर आल्यावर सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणालं आलं चावा, कुणी म्हणालं पोटाला तेल लावून डाव्या कुशीवर झोपवा. सासूबाईंचा गावाहून, होहोएहून, फोन आला. ढेकर आमच्या आधी तिथे पोचली होती. "सूनबाई, माझ्या मुलाला काय खायला घालतेस?"

"मी नाही हो आई, ते मशीन."

"मशीन स्वयंपाक करतं का तुझ्याकडे?"

मी फोन जिजॉरच्या हातात दिला.

घरी येऊन नुती खुर्चीत बसल्या बसल्या झोपला. हातात फुफूचा घास, तोंड उघडं. श्वास थांबला. मी ताट हातात घेऊन वाट बघत उभी राहिले. मग तो पाण्यातून वर आल्यासारखा दचकला. रात्री शिट्ट्या असह्य होऊन त्याने मास्क झोपेतच काढून फेकला होता, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे पंधरा नाही, आठही नाही. माझ्या नवऱ्याला आता काहीच नव्हतं. आणि उद्या सोमवार. उद्या तो जिजॉरला मागच्या सीटवर बसवून हार्बरच्या चौकातून जाणार.

मी स्वयंपाकघरात जाऊन दवाखान्याला फोन लावला.

"पेशंट कोण?" पलीकडची बाई विचारती झाली.

"माझा नवरा."

"मग त्यांना द्या फोन."

"त्याला माहीत नाही."

"आपण पेशंट आहोत हे माहीत नाही?"

"मशीन बिघडलंय, हे माहीत नाही. तुम्ही फक्त भाषा कशी बदलायची ते सांगा."

"कुणाची भाषा?"

"मशीनची! ते परकं बोलायला लागलंय."

पलीकडे वही उघडल्याचा आवाज. मग, "आपोआप बिघडलं की कुणी हात लावला?"

माझ्या पदवीला काय वाटलं असेल त्या क्षणी! "आपोआप," मी म्हटलं.

"आपोआप बिघडत नाही. हात लागलेली मशीनं सिस्टर अकॉर्फा बघतात. त्या गावी अंत्यविधीला गेल्यात. शनिवारी माती, आज आभाराची प्रार्थना, उद्या भाऊबंदांची बैठक. मंगळवारी या. पेशंट, मशीन आणि डॉक्टरांची चिठ्ठी, तिन्ही घेऊन."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत हात लावू नका," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी गाडीची किल्ली गारीच्या, म्हणजे कसाव्याच्या रव्याच्या, डब्यात होती. मीच टाकली होती, तळाशी. नुतीने सगळं घर उलथलं. डोळ्यांखाली काळं, चालताना दाराची चौकट खांद्याला लागत होती.

"ट्रोट्रोने जा आज," मी म्हटलं. "जिजॉरला थोडी कसर आहे, ती राहू दे घरी." जिजॉर टेबलावर चढून नाचत होती.

नुतीने माझ्याकडे बघितलं. "एसिनाम, खरं सांग. तुला आता माझ्या गाडीचाही हेवा वाटायला लागला का?"

इतकं लागलं मला ते! म्हणजे बाकी सगळ्याचा हेवा वाटतो, हे त्याने धरूनच चाललं होतं. मी तोंड फिरवलं आणि तो पायी स्टॉपवर गेला. दहाच्या सुमाराला त्याचा फोन आला.

"अगं, मी अक्र्यात आहे."

"अक्र्यात? का?"

"ते मलाही समजत नाहीये. डोळे उघडले तर शेवटचा स्टॉप. कंडक्टरच्या खांद्यावर डोकं होतं माझं. तो म्हणाला, उठवलं असतं, पण फार दमलेले दिसलात."

फोन ठेवून मी खाली बसले. हसू येत होतं आणि मी जिजॉरला घट्ट धरून ठेवलं होतं. ट्रोट्रो दुसरा कुणीतरी चालवत होता म्हणून अक्रा. नाहीतर.

मग डोक्यात आलं, की आंटींकडचं मशीनही त्याच दवाखान्यातलं असणार, म्हणजे आमच्याच जातीचं. त्यांच्याकडे ते इंग्रजीत असणार. भाषेची ओळ वरून कितवी, एवढं मोजलं, की आपल्याकडे डोळे मिटून तिथे जाता येईल. अभिमान गिळणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. पंधराच्या दाबानेही तो खाली जात नव्हता. जिजॉरला पाठीशी बांधलं आणि निघाले.

आंटींचं दार लोटलेलं होतं. आतून मशीनची ओळखीची घरघर येत होती. चीफसाहेब आले वाटतं! माझ्या मनात आधी काय आलं असेल? यांचे यजमान दुपारीही चौदावर झोपतात, असं आलं. हाक मारली, उत्तर नाही. दोन पावलं आत गेले.

पलंगावर चीफसाहेब नव्हते. आंटी होत्या. डोक्याला साटिनची टोपी, टोपीवरून पट्टे, नाकावर मास्क, आणि चेहरा इतका निवांत, की तसा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

मी उलट पावली निघणार, तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, घरघर थांबली. आणि आंटीही थांबल्या.

ती गप्प बसण्याची जागा माझ्या ओळखीची होती. मी वाट बघितली नाही. धावले, खांदा हलवला, "आंटी! आंटी!" त्या दचकून उठल्या, मास्कला हात घातला, तर पट्ट्याची कडी टोपीच्या झालरीत अडकलेली. मी ती ओढून काढली, टोपी फाटली. आंटी मोठमोठे श्वास घेत माझं मनगट धरून बसल्या. जिजॉरने पाठीवरून टाळ्या वाजवल्या.

श्वास जागेवर आल्यावर आंटी म्हणाल्या, "झालं. आता शनिवारी रांगेत सांग."

"चीफसाहेबांचं मशीन तुम्ही..."

"कसलं चीफसाहेबांचं? माझं आहे."

"आणि बोटीवरचं?"

"बोटीवर काही नाही. एकच आहे, हेच." त्यांनी फाटलेली टोपी मांडीवर सरळ केली. "ते ताकोरादीला खोली घेऊन राहतात. सुट्टीतही इकडे येत नाहीत. म्हणाले, आठ महिने इंजिनरूममध्ये काढून यायचं आणि घरी पुन्हा इंजिनरूमच?"

"असं म्हणाले?"

"हसत म्हणाले. हसत म्हणालेलं जास्त राहतं." मग माझ्याकडे डोळे वटारून, "बाई घोरते, हे त्या रांगेत सांगू मी? त्या वाचेवालीसमोर? नवऱ्याचं म्हटलं, की तेच मोठेपण होतं."

"पण चौदा, आंटी..."

"चौदा म्हणजे तुला काय वाटलं, पगार? घसा जितका नालायक, तितका आकडा वर. तुझ्या नवऱ्याचं आठ ऐकलं ना, तर वाचे गिळवेना मला. म्हटलं, हिच्या नवऱ्याला आठ पुरतं, वर शेजारी कान देऊन जागणारी बायको!"

मी पंधरा केल्याचं सांगितलं. आंटींनी माझ्याकडे बघितलं, कालचा नवा रुमाल शोधला, सापडला नाही, म्हणून फाटकी टोपीच तोंडाला लावली आणि पलंग हलेपर्यंत हसल्या. मीही हसले. मग विचारलं, "रात्री अशी लाइट गेली तर?"

"जाग येते."

"नाही आली तर?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "आजवर आली आहे," म्हणाल्या.

संध्याकाळी नुतीला सगळं सांगितलं. ओरडेल म्हणून जिजॉरला मांडीवर घेऊन बसले होते. त्याने आठापासून पुढे बोटं मोजली. मग म्हणाला, "पंधरा? म्हणजे लॅम्प्टीसाहेबांपेक्षा एक जास्त?" आणि पोटावर हात फिरवत, ढेकर देऊन, किंचित ताठ बसला. या माणसाशी मी भांडू तरी कशी?

मंगळवारी सिस्टर अकॉर्फांनी मशीन उघडलं, त्या भाषेकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक शब्द बोलल्या नाहीत. तंबी परवडली असती. आठचा आकडा परत आला. बुधवारी नुती गाडी घेऊन निघाला, तेव्हा मी काही न सांगता मागच्या सीटवर जिजॉरशेजारी जाऊन बसले. हार्बरच्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि आमची गाडी सगळ्यांच्या आधी हलली.

आंटी रांगेत अजून चौदा सांगतात. मी अजून आठ सांगते, आणि अंडं अजून त्यांनाच जास्त. परवाही मला त्याचा राग आला. पण आता लाइट गेली, की मी आधी नुतीला ढोसते आणि भिंतीवर मूठ आपटते. पलीकडून आंटींची मूठ वाजली, की मग जिजॉरला वारा घालायला घेते. एकदा वाजायला उशीर झाला, तर मी अनवाणी त्यांच्या दारात होते. त्या म्हणाल्या, "अगं, मी बाथरूममध्ये होते!" आणि दार तसंच उघडं ठेवून मला चहाला बसवलं.

तुमच्याही भिंतीपलीकडे कुणीतरी एकटं झोपत असेल. कापड नवं असेल, बोलणं वरच्या पट्टीतलं असेल, तुम्हाला त्यांचा रागही येत असेल. येऊ दे. हे वाचून झालं, की उठा आणि त्यांचं दार वाजवा. घोरता का, असं विचारू नका. कुणीही खरं सांगणार नाही. काल लाइट गेली तेव्हा जाग आली होती का, एवढंच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर दारातून हलू नका.